गाडी ‘परत बोलावली’ जाते तेव्हा

अमुक कंपनीने इतक्या हजार गाड्या परत बोलावल्या, अशी बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येते. पुष्कळांना वाटते की कंपनी आता गाडी घेऊन पैसे परत करणार. तसे बहुधा नसते. रिकॉल म्हणजे विकलेल्या गाड्यांत धोकादायक दोष आढळला, तर कंपनीने मालकांना कळवून तो फुकट दुरुस्त करून देणे.

थ्रॉटलचा दोष त्यातला विशेष गंभीर. इंजिनात किती हवा शिरेल हे थ्रॉटलमधील गोल चकती ठरवते. ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते, पाय उचलला की मिटते. जुन्या गाड्यांत पेडलपासून चकतीपर्यंत केबल असे. नव्या गाड्यांत पेडलजवळचा सेन्सर संदेश देतो आणि छोटी मोटर चकती फिरवते. दोन्हींत एक अट सारखीच आहे : पाय उचलल्यावर पेडल वर आले पाहिजे. ते खालीच राहिले, तर इंजिन वेग देतच राहते.

अमेरिकेत टोयोटाच्या गाड्यांत असे घडले. ऑगस्ट २००९ मध्ये सॅन दिएगोजवळ पायाखालच्या मॅटमध्ये ॲक्सिलरेटर अडकला आणि एकाच गाडीतील चौघे मृत्युमुखी पडले. पुढे वेगळा दोषही उघड झाला. पायाला योग्य जोर जाणवावा म्हणून पेडलमध्ये घर्षण देणारा भाग बसवलेला होता. तो झिजला आणि ओलावा धरला की पेडल अडकू लागे किंवा सावकाश वर येई. २१ जानेवारी २०१० रोजी कंपनीने सुमारे २३ लाख गाड्या परत बोलावल्या. उपाय होता पेडलमध्ये पोलादाची छोटी पट्टी बसवण्याचा! दोष इलेक्ट्रॉनिक भागात आहे का, हे नासाच्या अभियंत्यांनीही तपासले. तसा पुरावा मिळाला नाही.

कंपनीला महागात पडला तो उशीर. तेथील कायद्यानुसार दोष लक्षात आल्यावर पाच कामकाजी दिवसांत सरकारला कळवावे लागते. ते न केल्याच्या ठपक्यावरून २०१० मध्ये १ कोटी ६४ लाख डॉलर दंड झाला. ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ मध्ये आणखी १२० कोटी डॉलर भरावे लागले. फायरिंगच्या वेळी रायफलमध्ये बिघाड वाटला तर लगेच उस्तादांना सांगायचे, हे आपण शिकतो. नियम तोच आहे, फक्त इथे लाखो कुटुंबे गाडीत बसलेली असतात.

भारतात २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात रिकॉलचे कलम आले. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या वाहनांसाठी सरकार आता रिकॉलची सक्ती करू शकते.

तरीही एक अडचण उरते. कंपनीची सूचना नोंदवलेल्या पत्त्यावर किंवा फोनवर जाते. आपल्यापैकी अनेकांचे वडील सैन्यात आहेत. दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, पत्ता बदलतो, गाडी कधी सेकंडहँड असते. सूचना आधीच्या क्वार्टरला जाते आणि दोष आपल्यासोबत फिरत राहतो. म्हणून कंपनीच्या वेबसाइटवर किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबर सांगून स्वतः चौकशी करावी.

आणि चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर अडकलाच तर? ब्रेक जोराने दाबून धरावा, पुन्हा पुन्हा सोडू नये. थ्रॉटल उघडा असताना ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम लवकर संपतो आणि पेडल जड होते. गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी, कडेला थांबवावी, मगच इंजिन बंद करावे. धावत्या गाडीची किल्ली काढू नये. स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

आम्हा कॅडेट्सना लायसन्स मिळायला अजून अवकाश आहे. पण चेसिस नंबर लिहून घ्यायला लायसन्स लागत नाही. येत्या सुट्टीत प्रत्येकाने घरच्या गाडीसाठी एवढे काम जरूर करावे.