२^१२७ − १ : एका विशाल मूळसंख्येचे गणितीय गुणधर्म

प्रस्तावना :
१ आणि स्वतः ती संख्या यांखेरीज अन्य विभाजक नसणारी, १ पेक्षा मोठी संख्या म्हणजे मूळसंख्या होय. ही व्याख्या शालेय स्तरावरच परिचित होते. तथापि, संख्या विशाल असल्यास विभाजक शोधून तिची पडताळणी करणे व्यवहारतः अशक्य ठरते. या दृष्टीने २^१२७ − १ म्हणजेच १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७ ही ३९ अंकी संख्या अभ्यसनीय आहे. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये ती मूळसंख्या असल्याचे दाखविले. १९५१ पर्यंत तिच्याहून मोठी मूळसंख्या ज्ञात नव्हती.

स्वरूप व गुणधर्म :
२^प − १ या रूपातील संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. अशी संख्या मूळ असण्यासाठी घातांक प मूळ असणे आवश्यक आहे. मात्र ते पुरेसे नाही. उदाहरणार्थ, २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. द्विमान पद्धतीत प्रस्तुत संख्या सलग १२७ वेळा १ लिहून व्यक्त होते. तिला २^१२६ ने गुणले असता ७७ अंकी परिपूर्ण संख्या मिळते.

मूळत्वाची कसोटी :
२^१२७ − १ चा प्रत्येक मूळ विभाजक २५४क + १ या रूपाचाच असावा लागतो. वर्गमूळापर्यंत केवळ अशाच संख्या तपासल्या, तरी त्यांची मोजदाद १७ अंकी होते. ल्युका यांनी हा मार्ग टाळला. त्यांच्या पद्धतीला डी. एच. लेहमर यांनी १९३० मध्ये दिलेले सुलभ रूप असे : पहिले पद ४, पुढील प्रत्येक पद म्हणजे आधीच्या पदाचा वर्ग वजा २. प ही विषम मूळसंख्या असताना (प − १) व्या पदास २^प − १ ने निःशेष भाग गेला, तरच ती संख्या मूळ असते.

प = ७ घेतल्यास १२७ ने भागून उरणाऱ्या बाक्या ४, १४, ६७, ४२, १११, ० अशा येतात. सहाव्या पदाची बाकी शून्य आहे. म्हणून १२७ मूळ आहे. प = ११ साठी दहाव्या पदाची बाकी १७३६ उरते; म्हणून २०४७ संयुक्त आहे. परंतु २३ व ८९ हे अवयव या बाकीतून कळत नाहीत. २^६७ − १ संयुक्त असल्याचे ल्युका यांनी १८७६ मध्येच दाखविले होते. तिचे अवयव १९३७०७७२१ व ७६१८३८२५७२८७ फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये मांडले. २^१२७ − १ साठी मात्र वर्ग करण्याच्या १२५ पायऱ्या पुरेशा होतात.

समारोप :
संख्येचे मूळत्व ठरविणे आणि तिचे अवयव शोधणे हे दोन भिन्न प्रश्न आहेत, हे या विवेचनावरून स्पष्ट होते. २०२४ मध्ये सापडलेल्या ४,१०,२४,३२० अंकी २^१३६२७९८४१ − १ या मूळसंख्येची निश्चितीही याच कसोटीने करण्यात आली. संगणकाने गणनेचा वेग वाढविला. सिद्धतेचा आधार मात्र फळ्यावर सोडविता येणाऱ्या उपरोक्त उदाहरणातीलच आहे.