'सकाळी' एक शब्द, इंग्रजीत तीन

मागच्या शनिवारी विरारला ताईकडे गेलो होतो. भाचा पाचवीत, मराठी मीडियमला. त्याने वहीत लिहिलं होतं: 'माय मदर मॉर्निंग विरार स्टेशन फ्रॉम ट्रेन टेक्स.' वर्गात हे वाचून दाखवल्यावर पोरं हसली, तेव्हापासून साहेब इंग्रजीच्या तासाला तोंडच उघडत नाहीत.

खरं सांगू? मला ते वाक्य एकदम लॉजिकल वाटलं. आपण 'स्टेशनवरून' म्हणतो, 'वरून' मागे चिकटतं, म्हणून त्याने 'फ्रॉम' मागे लावला. इंग्रजीत तो आधी येतो: फ्रॉम विरार स्टेशन. आणि 'सकाळी'? आपला एक शब्द, त्यांचे तीन: इन द मॉर्निंग. सकाळी, रविवारी, सात वाजता हे आपण सहज बोलून जातो. तिकडे मात्र इन द मॉर्निंग, ऑन संडे, ॲट सेव्हन, प्रत्येकाला वेगळा शब्द. वर 'एव्हरी संडे'ला काहीच नको!

तसा हा विषय आपल्या वसईला नवीन नाही. तर्खडकर हे आडनाव वसईजवळच्या तरखड गावावरून आलेलं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ सालचं. पुढे द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी मुलांच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या.

आम्ही काय केलं, तर जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या बनवल्या. 'इन द मॉर्निंग' ही एकच चिठ्ठी, तिचे तुकडे करायचे नाहीत. आधी कोण, मग काय करतं. त्याच्यामागे कसं, कुठे, केव्हा, साधारण याच क्रमाने. 'क्रियाविशेषण वाक्यांश' हे नाव मी घेतलंच नाही. ते परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सांगितलं तरी चालतं. दहा मिनिटांत जमिनीवर वाक्य तयार: 'माय मदर टेक्स द ट्रेन फ्रॉम विरार स्टेशन इन द मॉर्निंग.'

मग त्याने 'इन द मॉर्निंग' उचलून सगळ्यात पुढे ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. चालतं रे! केव्हाची चिठ्ठी पुढे आली तरी इंग्रजीला चालते, फक्त तिच्यानंतर स्वल्पविराम द्यायचा. मराठी मुलाला तर हेच सोपं पडतं, आपण वाक्य 'काल', 'सकाळी' असंच सुरू करतो ना.

पण मधे टाकली की घोळ. 'मामा टोल्ड मी ऑन संडे वी आर गोइंग टू अर्नाळा.' आता रविवारी मामाने सांगितलं, की रविवारी जायचंय? भाच्याने लगेच चिठ्ठी उचलून शेवटी 'अर्नाळा'च्या मागे लावली. "मामा, आता फिक्स. रविवारीच जायचं."

उद्या सकाळी सातला निघतोय. ॲट सेव्हन, इन द मॉर्निंग, ऑन संडे. भेटू पुढच्या एपिसोडला!