पद्मिनीचे माहेर : कुर्ल्याची प्रीमियर कंपनी

बीड, आष्टी, पाटोद्याकडून पूर्वी मुंबईला गेलेल्यांना विचारा. शहराशी त्यांची पहिली गाठ बहुधा काळ्या-पिवळ्या टॅक्सीशीच पडलेली असते. टपावरच्या कॅरिअरला बांधलेली वळकटी, स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट आणि गाडीबाहेर डाव्या अंगाला बसवलेले मीटर. त्याची दांडी खाली पडली की भाडे सुरू. ही प्रीमियर पद्मिनी, आणि तिचे माहेर कुर्ला पश्चिमेला, लालबहादूर शास्त्री मार्गालगत.

आज तिथे कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत, शाळा आहे, रुग्णालय आहे. शेजारच्या प्रीमियर कंपाउंडात विमानतळाच्या जमिनीवरील झोपडीवासीयांसाठी बांधलेली हजारो घरे आहेत. त्यांच्या पुनर्वसनाचा करार पुढे बारगळला आणि यातली कितीतरी घरे वर्षानुवर्षे कुलूपबंद राहिली. ज्या शहरात डोक्यावर छप्पर मिळवायला माणूस जन्म घालवतो, तिथे हे घडावे याचे वाईट वाटते.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. जहाज, विमान आणि मोटार, तिन्ही आपल्या देशात तयार झाली पाहिजेत, असा ध्यास घेतलेला हा माणूस. क्रायस्लर या अमेरिकी कंपनीशी करार झाला आणि 1947 मध्ये कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी हातमिळवणी झाली. 1964 ची फियाट 1100 डिलाइट सत्तरच्या दशकात आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. इंजिन 1089 सीसीचे. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, इतकी मागणी.

गाडीचे कौतुक सगळे करतात. ती जोडणाऱ्या हातांची आठवण मात्र फारशी निघत नाही. याच कारखान्याच्या मोटार उत्पादन विभागात प्रोत्साहन भत्त्यावरून वाद पेटला. जानेवारी 1971 मध्ये व्यवस्थापनाने एका संघटनेशी करार केला. तो दुसऱ्या संघटनेच्या कामगारांना मान्य नव्हता, म्हणून त्यांतले काही जण कोर्टात गेले. ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध वाडके’ हा तो खटला. सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये निकाल दिला : औद्योगिक विवाद कायद्यानेच निर्माण झालेल्या हक्काची दाद त्याच कायद्याच्या यंत्रणेकडे मागायची, दिवाणी न्यायालयात नव्हे. कामगार कायदा शिकणाऱ्या मुलांना हा निकाल आजही अभ्यासावा लागतो. कुर्ल्यातल्या कामगारांच्या हिशेबाची ही तक्रार देशाच्या कायद्याचा भाग होऊन बसली, हा मला या जागेचा सर्वांत मोठा वारसा वाटतो.

मारुती आली, नंतर परदेशी गाड्या आल्या आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यावर पद्मिनीचे उत्पादन थांबले. जमिनीचा भाव गाडीपेक्षा कितीतरी वाढलेला; कारखान्याच्या जागी इमारती येणार हे ठरलेलेच होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपताच, ऑक्टोबर 2023 अखेर, तीही रस्त्यावरून हटली. निदान एक पद्मिनी जतन करा, अशी मागणी मुंबईतल्या टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली होती.

ती मागणी रास्त आहे, आणि त्या गाडीची जागा कुर्ल्यातच असली पाहिजे. प्रीमियर रोडच्या तोंडाशी महापालिकेने एक पद्मिनी उभी करावी. शेजारच्या फलकावर वालचंदांबरोबर कामगारांचा आणि वाडके खटल्याचाही उल्लेख हवा. ज्यांच्या घरी वडिलांचा किंवा आजोबांचा प्रीमियरचा गेटपास, पगाराची चिठ्ठी, युनियनचे पत्रक किंवा खात्याचा ग्रुप फोटो असेल, त्यांनी तो रद्दीत घालू नये. उद्या असा फलक लिहायला कुणी बसले, तर त्याला याच कागदांचा आधार लागणार आहे.