विश्लेषण : अंगणातला ‘ख्रिसमस ट्री’ खरंच पाइन असतो का? राळेगणच्या उन्हात तो टिकेल?

नर्सरीत गुडघाभर रोप फार देखणे दिसते. फांद्यांचे एकावर एक मजले, वर टोकदार शेंडा. हिमाचलच्या सहलीतले पाइन आठवतात आणि नव्या घरापुढे एक जोडी लावायची हौस येते. पण पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीसारख्या कमी पावसाच्या गावात हा निर्णय कितपत शहाणपणाचा?

नर्सरीत मिळते ते झाड कोणते?

‘ख्रिसमस ट्री’ म्हणून आपल्याकडे विकले जाणारे रोप बहुधा अरोकेरिया असते. हा खरा पाइन नाही आणि हिमालयातलाही नाही. त्याचा एक प्रकार ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील नॉरफोक बेटावरचा, तर दुसरा, म्हणजे कुक पाइन, न्यू कॅलेडोनियाचा. दोन्ही समुद्रकाठचे.

ओळख सोपी आहे. खऱ्या पाइनची सुईसारखी पाने जुडीने येतात. चीडला तीनची जुडी असते, कैलला पाचची. अरोकेरियात जुडी नसते. कोकणातला सुरूही पाइन नव्हे. त्याच्या ‘सुया’ म्हणजे पेरापेराने तुटणाऱ्या बारीक काड्या असतात.

मग खरा चीड आणून लावला तर?

महाराष्ट्रात नैसर्गिकरीत्या पाइन उगवत नाही. चीड मैदानी भागातल्या बागांतही जगू शकतो, पण त्याला निचऱ्याची, आम्लधर्मी जमीन मानवते. चुनखडीच्या जमिनीत अशा झाडांना लोह नीट मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. शिवाय पाइनच्या मुळांना मायकोरायझा या बुरशीची सोबत लागते. इतर देशांत पाइनच्या सुरुवातीच्या लागवडी ही बुरशी मातीत नसल्याने फसल्या होत्या. पुढे पाइनखालची माती आणून टाकल्यावर रोपांनी जीव धरला.

राळेगणमध्ये पाण्याचा प्रश्न येतो का?

येतो, पण वेगळ्या अर्थाने. नॉरफोक बेटावर वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पारनेर तालुका पर्जन्यछायेत असून इथे तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. १९७५ नंतर राळेगणने पाणलोटाची कामे केली, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली, ऊसासारख्या जास्त पाण्याच्या पिकाला आवर घातला. एका झाडाने गावाचे पाणी संपणार नाही. पण दमट हवेतल्या झाडाला इथला कोरडा एप्रिल-मे सोसावा लागतो. उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकली की खालच्या फांद्या वाळतात. वाळलेला मजला पुन्हा फुटत नाही, त्यामुळे झाडाची शोभाच जाते.

उंचीचे गणित काय सांगते?

मूळ जागी ही झाडे ५० मीटरपेक्षा उंच होतात. आपल्याकडे ६० फूट धरू. तुमचा प्लॉट ३० बाय ४० फुटांचा असेल तर त्याचा कर्ण ५० फूट. म्हणजे झाड प्लॉटमध्ये कुठेही लावा, कोणत्याही दिशेने मुळासकट पडले तरी शेंडा हद्दीबाहेर जाणार. तिथे शेजाऱ्याचे छत असेल किंवा विजेची तार.

कुक पाइनची आणखी एक खोड आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच खंडांतली झाडे मोजली गेली. ती सरासरी साडेआठ अंशांनी विषुववृत्ताच्या दिशेने कललेली आढळली. आपल्याकडे ही दिशा दक्षिण.

तरीही लावायचे असेल तर?

- कुंडीतच ठेवा. त्यात वाढ आटोक्यात राहते. कुंडीला खाली भोक हवेच.
- सकाळचे ऊन द्या. मार्च ते मे दुपारी शेडनेट किंवा भिंतीची सावली द्या.
- वरची बोटभर माती सुकल्यावरच पाणी द्या.
- शेंडा छाटू नका. आकार कायमचा बिघडतो.
- एकच सरळ शेंडा असलेले, बियांपासून वाढवलेले रोप घ्या. बाजूच्या फांदीचे कलम आडवेच वाढत राहते.
- जमिनीत लावायचे तर घर, विहीर, रस्ता आणि तारांपासून झाडाच्या पूर्ण उंचीइतके अंतर सोडा.

एवढी जागा नसेल तर दारापुढे बहावा लावा. सावली हवी असेल तर कडुनिंब किंवा करंज. ही झाडे एकदा रुजली की इथला उन्हाळा त्यांना नवा नाही. रोप विकत घेताना पिशवीची किंमत विचारतोच, त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा : वीस वर्षांनी याचा शेंडा कुठे असेल?