सीटखालचा खर्ज

गाडीत बफर, म्हणजे सबवूफर, बसवायला आलेला माणूस डब्याबद्दलच बोलतो. सोनीचा घ्यावा की जेबीएलचा, आठ इंची पुरेल का, की डिक्कीत मोठी बेसट्यूबच टाकावी? वायरचा विषय तो काढत नाही. मिस्तरीचा वेळ मात्र डबा बसवण्यात जात नाही, वायर ओढण्यात जातो. तोच डबा नगरला मिळतो आणि पुण्यालाही. तो कसा वाजेल आणि दोन वर्षांनी गाडीचा सेल्फ बसेल की नाही, हे गालिच्याखालून गेलेल्या वायरी ठरवतात.

नगरला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरला, वायरीचं काम नवं नाही. १९७२ साली बाजारात आलेली किनेटिकची लूना या गावात तयार होत असे. लार्सन अँड टुब्रोचा स्विचगिअरचा कारखाना इथल्याच एमआयडीसीत. त्यांचा हा सगळा विद्युत व्यवसाय २०२० मध्ये श्नायडरकडे गेला, पण फ्यूज, ब्रेकर, कॉन्टॅक्टर या वस्तू हाताळत नोकरी केलेली माणसं गावात घरोघरी सापडतात. क्रॉम्प्टनच्या मोटारी इथल्याच. लग किती दाबायचा आणि टर्मिनल किती आवळायचं हे अशा गावात कुणाला पुस्तकातून शिकवावं लागत नाही. तरीही गाडीच्या सेटचं काम म्हटलं की हाताने पिळलेला जॉइंट आणि त्यावर काळी टेप, असा प्रकार अजून सर्रास दिसतो. जिल्ह्याच्या उन्हात त्या टेपचा गोंद वितळतो, जॉइंट उघडा पडतो आणि दोष डब्याला लागतो.

मुळात कंपनीच्या सेटमध्ये कमी काय असतं? पडदा मोठा असतो, फोन जोडला जातो, नकाशा दिसतो. पण आवाजाची ताकद बॅटरीवर बेतलेली. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. तेवढ्या व्होल्टात चार ओहमच्या स्पीकरला, सगळं आदर्श धरलं तरी, स्वच्छ आवाजाचे जेमतेम २६ वॅट मिळतात. गणित साधं आहे: १४.४चा वर्ग, भागिले आठ. प्रत्यक्षात वीसच्या आसपास. जाहिरातीतले ‘चार गुणिले पन्नास’ कुठून येतात ते जाहिरातवाल्यांनाच ठाऊक. शिवाय दारातले स्पीकर हलक्या कोनाचे, आणि मागे बंद पेटी नाही, नुसता पत्रा. संबळाची थाप येते पण तिचा घुमारा येत नाही; पखवाजाची शाई ऐकू येते, धुमाच्या बाजूला कुणी नसल्यासारखं वाटतं.

खर्ज महाग असतो, कारण तिथे हवा जास्त हलवावी लागते. आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं तर कोनाला चौपट हवा ढकलावी लागते. दारातल्या सहा इंची स्पीकरच्या आवाक्यातलं हे काम नाही. म्हणून स्वतंत्र कोन, स्वतंत्र पेटी आणि स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर. हे तिन्ही एका पसरट डब्यात कोंबले की सीटखालचा पॉवर्ड सबवूफर तयार होतो. त्याच्या जागेवरून फार वाद घालू नये. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास सात मीटर भरते, म्हणजे अख्ख्या गाडीहून मोठी. इतका खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला सांगता येत नाही, आणि बंद काचांच्या लहान केबिनमध्ये तो आपोआप थोडा उचललाही जातो. आठ इंची डबा गाडीत घरच्यापेक्षा बरा वाजतो तो त्यामुळे.

आता खरी अडचण. बाजारच्या डेकला मागे आरसीएचे सॉकेट असतात, त्यात लीड खोचली की काम झालं. कंपनीच्या सेटला बहुतेक वेळा ते नसतात. मग सिग्नल घ्यायचा तो स्पीकरकडे जाणाऱ्या वायरीतून. पॉवर्ड सबवूफरला त्यासाठी ‘हाय लेव्हल’ नावाचं तोंड दिलेलं असतं. नसेल तर मध्ये हाय-लो कन्व्हर्टर लावतात. हे तोंड प्रवाह जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे मागच्या स्पीकरच्या वायरीला फाटा फोडला तरी त्या स्पीकरचा आवाज कमी होत नाही. ‘दारातले स्पीकर मरतील का’ ही शंका घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला एवढं सांगितलं की पुरे.

फाटा कुठल्या वायरीला फोडायचा हे मात्र रंग बघून ठरवू नये. बाजारच्या डेकच्या वायरिंगमध्ये पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा करडा, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा आणि काळी रेघ असलेली वायर वजा, असा रिवाज आहे. गाड्यांच्या कंपन्या तो पाळत नाहीत. प्रत्येकीचं वेगळं, कधी मॉडेलागणिक वेगळं. जाणता मिस्तरी सेटचा कपलर काढतो आणि वायरीच्या जोडीला पेन्सिल सेल क्षणभर टेकवतो. ज्या दारात ‘टक्’ होतं ती जोडी त्या दाराची. कोन बाहेर आला तर सेलचा अधिक ज्या वायरीवर होता ती अधिक. आत गेला तर उलट. दीड व्होल्टाचा सेल आणि बोटाचं टोक एवढ्यावर हे काम भागतं, मल्टिमीटर नंतर.

सगळ्यात जास्त सेट जळतात ते एका जुन्या सवयीने. पूर्वीच्या काही टेपमध्ये स्पीकरची एक वायर बॉडीला असे. आजच्या सेटमध्ये तसं नसतं: अधिक आणि वजा या दोन्ही वायरी जिवंत असतात आणि शांत बसलेल्या असतानाही दोन्हींवर बॅटरीच्या निम्मे, सुमारे सहा व्होल्ट असतात. ‘वजा तर अर्थच असतो’ म्हणून एखाद्याने ती बॉडीला टेकवली की आतली आयसी संरक्षणात जाते किंवा कायमची जाते, आणि तिच्याबरोबर पडद्याचा अख्खा सेट. याच सहा व्होल्टांचा एक फायदाही आहे. सेट चालू झाल्याचं सबवूफरला त्यावरून कळतं आणि तो आपोआप जागा होतो. ‘रिमोट’ची वेगळी वायर ओढायची गरज पुष्कळ मॉडेलांत उरत नाही. ओढावीच लागली तर ती चावीवर चालणाऱ्या फ्यूजवरून घ्यावी. कायमच्या बॅटरी लाइनवर जोडली तर डबा रात्रभर जागा राहतो आणि सकाळी गाडीला धक्का.

विजेच्या वायरीकडे वळू, कारण आग लागते ती इथूनच. बॅटरीच्या अधिक टोकावरून थेट वायर घ्यायची आणि टोकापासून दीड फुटाच्या आत फ्यूज बसवायचा. गिऱ्हाइकाला वाटतं की हा फ्यूज डबा वाचवण्यासाठी आहे. डब्याला स्वतःचा फ्यूज असतो. बॅटरीजवळचा फ्यूज वायर वाचवतो. गाडीची बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर सोडू शकते. पत्र्याच्या धारेवर घासून वायर सोलली आणि मध्ये फ्यूज नसेल तर ती वायर हीटरच्या कॉइलसारखी लाल होते, तीही गालिच्याखाली, पेट्रोलच्या गाडीत. फ्यूज डब्याशेजारी बसवणारा माणूस फ्यूज लावल्याचं समाधान तेवढं मिळवतो. मधली सगळी वायर उघडीच राहते.

इंजिनाच्या बाजूने आत यायला पत्र्यातल्या जुन्या भोकाचा रबरी ग्रोमेट शोधावा. नवं भोक पाडलं तर त्यात ग्रोमेट बसवल्याशिवाय वायर घालू नये. दीडशे वॅटच्या डब्याला चांगल्या मापाची तांब्याची वायर लागते. आठ गेज घेतली तर निश्चिंती. बाजारातल्या स्वस्त किटमधली वायर दिसते जाड, पण आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं आणि त्याचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट. जाड इन्सुलेशन सोलून चाकूने एक तार खरवडली की चांदीसारखा रंग दिसतो; दुकानात एवढं करून बघायला हरकत नाही. अर्थिंगची वायर आखूड, दीड-दोन फुटांत संपणारी. ती जिथे आवळायची तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत करायचा. सीटच्या रेलवर रंगावरच बोल्ट आवळून मोकळे होणारे पुष्कळ.

अर्थ कच्चा असला किंवा सिग्नलची लीड विजेच्या वायरीला चिकटून गेली की स्पीकरमधून एक बारीक शीळ येते. ॲक्सिलरेटर दाबला की तिचा स्वर चढतो. ती आल्टरनेटरची. म्हणून वीज एका बाजूच्या उंबऱ्याखालून आणि सिग्नल दुसऱ्या बाजूने असा दंडक आहे. गाडीतल्या एका विद्युत उपकरणाने दुसऱ्याला त्रास देऊ नये, याच्या तपासणीची मोठी सोय संरक्षण खात्याच्या वाहन-संशोधन संस्थेत, व्हीआरडीईत आहे, आणि ती संस्था नगरच्याच हद्दीतली. तिथे याला ‘ईएमसी’ म्हणतात आणि त्यासाठी खास बांधलेल्या खोल्या लागतात. इकडे दुकानात मिस्तरी इंजिन रेझ करतो, गाणं बंद ठेवून कान देतो. प्रश्न तोच.

सीटखाली हात घालण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. पिवळ्या आवरणातल्या वायरी आणि कपलर एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावायचा नाही. आणि काही स्मार्ट हायब्रिड गाड्यांत पुढच्या सीटखाली लिथियम बॅटरीच ठेवलेली असते, तिथे डब्याला जागाच नाही. मूळ हार्नेस कापण्याऐवजी गाडीच्या मापाचा तयार कपलर मध्ये घातला तर पुढे वॉरंटीचा वादही टळतो. महाग पडतो, पण माझं मत विचाराल तर सगळ्या किटमध्ये पैसे घालावेत ते इथे.

जोडणी संपली की कानाचं काम. डब्यावर तीन गोष्टी असतात: फिल्टर, फेज आणि गेन. फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवला की माणसाचा आवाज खाली उतरत नाही. फेजचं बटण शून्य आणि १८० अशा दोन्ही जागी ऐकायचं. जिथे ढोलकीचा घुमारा भरीव वाटेल ती जागा बरोबर. गेन म्हणजे आवाज वाढवायचं बटण असा समज फार आहे. ते सेटच्या सिग्नलशी डब्याचा मेळ घालण्यासाठी असतं. सेट नेहमीच्या पातळीच्या थोडा वर ठेवून, आवाज फाटेपर्यंत वाढवून, मग मागे घ्यायचं. अनेक कंपनी सेट आवाज मोठा केला की स्पीकर वाचवायला खर्ज गुपचूप कापतात. तेव्हा ‘मोठ्याने लावलं की बफर मरतो’ ही तक्रार आली तर डबा बदलू नये; सेटची ती चाल आहे. त्यावर डीएसपी, म्हणजे सिग्नल सुधारणारा प्रोसेसर, हा इलाज, किंवा थोडं हळू ऐकणं. मग नंबर प्लेट खडखडते, डिक्कीचं प्लास्टिक कुरकुरतं, त्यांना डँपिंग शीटचे तुकडे.

या जिल्ह्यात खर्जाची खरी हौस मात्र मोटारीत नाही, उसाच्या ट्रॅक्टरवर आहे. १९५० साली लोणीत प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला, त्यानंतर जिल्हाभर धुराडी उभी राहिली, आणि आता हंगामात रात्री-अपरात्री दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांवर भिंतच्या भिंत स्पीकर वाजत असते. झोप उडवण्यासाठी लावतात हे समजू शकतो. पण मागून आलेल्या एसटीचा हॉर्न ज्याला ऐकू येत नाही त्याचं कौतुक करवत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ स्पष्ट लिहिलेली आहे. मोकळ्या रस्त्यावरच्या ट्रॅक्टरला ती कोण दाखवणार? सीटखालचा डबा निदान काचा वर करून ऐकता येतो. शिर्डी–शिंगणापूर मार्गावरच्या टॅक्सीत तो भजनाला लागतो, करंजी घाट चढताना लावणीला.

गाडी ताब्यात घेताना लोक एक मोठं गाणं लावून बघतात. त्यापेक्षा चावी काढावी, दारं बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबावं आणि बॅटरीच्या वजा टोकात मल्टिमीटर घालायला सांगावं. पन्नास मिलिअँपिअरच्या आत काटा थांबला तर डबा झोपलाय. त्याहून वर असेल तर रिमोटची वायर पुन्हा काढायला लावावी, आणि तोवर पैसे देऊ नयेत.