फोन जमा, शाळा सुरू

सकाळी १०.०० : वाडीवरची एसटी फाट्यावर थांबते. नववी-दहावीच्या मुली उतरतात. त्यांचा पास सरकारनं मोफत केलाय, पण परतीची गाडी वेळेवर येईलच असं कुणी सांगत नाही. म्हणून घरचे दप्तरात फोन घालून देतात. शाळेत फोनबंदी आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे.

१०.४० : परिपाठ झाला की वर्गात माझा पत्र्याचा डबा फिरतो. ‘सायलेंट नको, बंद करा.’ प्रत्येक फोनच्या पाठीवर चिकटपट्टी, तिच्यावर रोल नंबर. एकानं घरातला मेलेला फोन जमा केलाय. उचलला तर आत बॅटरीच नाही. चालू फोन बुटातून निघाला. पठ्ठ्याचं डोकं गणितात का चालत नाही?

११.३० : तास चालू असताना माझाच फोन थरथरतो. पोषण आहाराचा आजचा आकडा भरायचाय, ताबडतोब. फळ्याकडे पाठ करून मी ॲप उघडते. चाळीसएक डोळे माझ्या हातावर. कुणी काही बोलत नाही, तेच जास्त बोचतं.

१.४५ : मधली सुट्टी. इंग्रजीचे सर डबा खाता खाता फ्रान्सचा दाखला देतात : २०१८ मध्ये कायदाच करून साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत फोन बंद. मी म्हटलं, ‘सर, २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा दारोदार जाऊन फोन घ्या म्हणून सांगत आपणच फिरलो.’ माझ्या वर्गातल्या एका घरानं तेव्हा शेळी विकली. तरी वर्गात फोन नकोच, या मताची मी आहे. मार्कांचं सोडा. कॅमेरा समोर असला की उत्तर चुकलेल्या पोराचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत गावभर होतो, आणि दुसऱ्या दिवसापासून हात वर करणारे घटतात. फोनचा डबा आल्यापासून माझ्या तासाला चुकीची उत्तरं वाढलीत. मला ती हवीच आहेत.

३.१५ : एका मुलीच्या पोटात दुखतंय. ऑफिसच्या फोनवरून शिपाईमामांनी आईला बोलावलं. ही सोय चोख असेल तर निम्मे पालक दप्तरात फोन देणार नाहीत.

५.०० : घंटेआधी गृहपाठ फळ्यावर, वह्यांत उतरवून झाल्यावरच डबा उघडतो.

७.०० : सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ मध्ये या वेळेला भोंगा वाजू लागला, टीव्ही, मोबाइल दीड तास बंद, पोरं अभ्यासाला. आमच्याकडे असा भोंगा आला तर पहिली पंचाईत शाळेचीच. याच सुमाराला बाकीच्या विषयांचे स्वाध्याय ग्रुपवर पडू लागतात, आणि बापाचा फोन पोराच्या हातात जातो.

८.२० : हेडसरांची फोनबंदीची सुधारित सूचना आली, विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर. खाली अंगठे. मी त्यांना लिहिलं, ‘सर, उद्या ही कागदावर काढून फलकावर लावू. आणि स्वाध्यायही फळ्यावरच द्यायचे, असा एक मुद्दा वाढवता येईल का?’

निळ्या खुणा झाल्यात. उत्तर नाही.