ऑनलाइन जुगार आणि पैशाची वाट

जुगार हा काही नव्या काळाचा शोध नव्हे. महाभारतातील द्यूताचा प्रसंग आपण कीर्तनात ऐकलेला आहे, शाळेत वाचलेला आहे. त्यातल्या एका गोष्टीकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. युधिष्ठिराने राज्य पणाला लावले, भाऊ लावले, द्रौपदी लावली. पण हे सारे केवळ शब्दाने. हातातून काही मोजून द्यावे लागत नव्हते. देण्याची रीत जितकी सोपी, तितका माणसाचा हात लवकर पुढे होतो. आज फोनवर चालणाऱ्या जुगाराविषयी बोलताना म्हणूनच खेळापेक्षा पैसे देण्याच्या रीतीचा विचार आधी केला पाहिजे.

मुंबईत १९६२ साली कल्याण मटका सुरू झाला. त्याने कित्येक संसार धुळीला मिळवले, तेव्हा त्याची भलामण करण्याचे कारण नाही. पण आकडा लावायचा तर खिशात रोकड लागे, चिठ्ठी घेणाऱ्यापर्यंत चालत जावे लागे आणि निकालासाठी थांबावे लागे. डब्यातले पैसे कमी झालेले घरच्यांच्याही ध्यानात येत. म्हणजे खिसा, पाय, वेळ आणि घर असे चार अडसर वाटेत होते. फोनवर यांतला एकही उरत नाही. रात्री दोन वाजता अंथरुणात पडल्या पडल्या माणूस पैसे भरतो, आणि शेजारी झोपलेल्याला पत्ता लागत नाही.

यात वेगाला इतके महत्त्व का, हे गुरुजींना वर्गातच दाखवता येईल. रूलेटच्या एका प्रचलित चक्रावर शून्य ते छत्तीस अशी ३७ घरे असतात. ३७ मुलांना एकेक आकडा द्या. प्रत्येकाने दर फेरीला एक चिंचोका मांडायचा. मग चिठ्ठी काढा. ज्याचा आकडा येईल त्याला, त्या चक्राच्या नियमाप्रमाणे, त्याचा स्वतःचा एक आणि वर पस्तीस असे ३६ चिंचोके द्या. उरलेला एक गुरुजींचा. प्रत्येक फेरीत कोणीतरी मुलगा आनंदाने उडी मारील, आणि प्रत्येक फेरीत गुरुजींच्या वाटीत एक चिंचोका पडेल. शंभर फेऱ्यांत शंभर! खेळ चालवणाऱ्याला लबाडी करावीच लागत नाही. फेऱ्या वाढल्या की झाले. शंभर रुपयांमागे हा वाटा पावणेतीन रुपयांच्या आसपास पडतो. तो किरकोळ वाटतो. पण मिनिटाला एक याप्रमाणे शंभर-शंभर रुपये लावीत गेल्यास तासाला सहा हजारांची उलाढाल होते आणि सरासरी १६२ रुपये जातात. आता ध्यानात येईल की पैसे भरणे सोपे करण्यासाठी एवढी धडपड का चालते.

आता वाटा एकेक करून पाहू. पहिली क्रेडिट कार्डाची. ही सरळ उधारी. हरलेला पैसा आपला नव्हताच, तो व्याजासह फेडायचा असतो. जिथे ऑनलाइन जुगार कायदेशीर आहे अशा ब्रिटनमध्येही १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळण्यास बंदी आहे. ऑस्ट्रेलियाने ११ जून २०२४ पासून ऑनलाइन पैजांसाठी क्रेडिट कार्ड आणि आभासी चलन दोन्ही बंद केले. जुगाराला परवानगी देणाऱ्या देशांनाही उधारीचे भय वाटले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसरी वाट यूपीआयची. २०१६ मध्ये आलेली ही सोय खरोखर उपकारक आहे. भाजीवाल्यापासून खताच्या दुकानापर्यंत ती पोचली आहे. पण आपण स्वतः पिन दाबून पाठवलेले पैसे आपोआप परत येत नाहीत. आणि एक गोष्ट पाठच करून ठेवावी: पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘तुमचे बक्षीस जमा करायचे आहे, पिन टाका’ असे कोणी म्हटले, तर तो पैसे नेण्यासाठीच आलेला आहे.

तिसरी वाट वॉलेटची, म्हणजे फोनमधल्या पाकिटाची. पणजीला मांडवीतल्या कसिनोच्या बोटींवर रोख पैशाऐवजी रंगीत चकत्या मांडतात. चकती हातात आली की ती पाचशेची नोट वाटत नाही. पाकिटातले ‘पॉइंट’ किंवा ‘कॉइन’ हेच काम करतात. चौथी वाट आभासी चलनाची. तिथे पैसे एकदा गेले की व्यवहार उलटवणारी बँक मध्ये नसते. दाद मागायची तरी कोणाकडे?

या वाटांच्या तोंडाशी एक मध्यस्थ उभा असतो. तो कधी चित्रफितीतून बोलतो, कधी गटात निरोप टाकतो, कधी आपल्याच गावचा पोरगा असतो. ‘अमुक ॲप घ्या, तमुक रीतीने पैसे भरा, लगेच मिळतात,’ असे तो सांगतो. त्याची कमाई दोन प्रकारांनी होते: आणलेल्या प्रत्येक माणसामागे ठराविक रक्कम, किंवा त्या माणसाच्या नुकसानीत टक्केवारी. दुसरा प्रकार नीट समजून घ्या. आपण हरलो तर त्याला मिळते. मग त्याने सुचवलेली वाट आपल्या सोयीची असेल, असे कसे मानायचे?

या जुगाराला आळा घालण्याचा विचार कायद्यानेही याच अंगाने केला आहे. १८८७ च्या मुंबई प्रांताच्या जुगारविरोधी कायद्याचा भर जुगाराच्या अड्ड्यावर होता: छापा घालावा, साहित्य जप्त करावे. फोनवरच्या जुगाराला अड्डाच नाही. म्हणून अमेरिकेने २००६ मध्ये बेकायदा ऑनलाइन जुगारासाठी पैसे स्वीकारण्यावरच बंदी घातली. आपल्याकडे संसदेने २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला; त्याला २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणे, त्यांची जाहिरात करणे आणि बँकांनी त्यांचे पैसे पोचवणे या तिन्ही गोष्टींना त्यात मनाई आहे. खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, आणि जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा चार पैशांच्या लोभाने दुवे वाटणाऱ्या तरुणांनी हे आकडे वाचून ठेवावेत.

सरळ वाट बंद झाली की आडवाट निघते, आणि तीच खेड्यात येऊन पोचते. कोणीतरी पोराला म्हणते, ‘तुझे पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला काही हजार देतो.’ हे झाले भाड्याचे खाते. जुगाराचा, फसवणुकीचा पैसा त्यातून फिरतो. तक्रार झाली की पोलीस प्रथम खातेदाराच्या दारात येतात, कारण नाव त्याचे असते. जिंकलेल्याचीही सुटका नाही. त्याला पैसे येतात ते अशाच एखाद्या अनोळखी खात्यातून. ते दुसऱ्या कोणा फसलेल्याचे निघाले, तर याचेही खाते गोठते. आणि त्याच खात्यात दुधाचे बिल, उसाचे बिल, पीकविम्याची रक्कम यायची असेल तर? पोराच्या एका खेळापायी सारे घर अडून बसते.

तेव्हा कोणती वाट निवडावी, असे कोणी विचारल्यास उत्तर एकच: या बाजारासाठी एकही नाही. आपले खाते, कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती देऊ नये. ‘जिंकलेली रक्कम काढण्याआधी कर भरा’ असे सांगून कोणी खासगी खात्यात पैसे मागितल्यास एक पैसाही पाठवू नये. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली, तर तो अडवता येण्याची शक्यता असते; येथे दिवसांपेक्षा तासांना किंमत आहे. आणि घरातला मुलगा रात्री उशिरापर्यंत फोन घेऊन बसत असेल, उसने मागू लागला असेल, तर त्याला धारेवर धरण्याआधी जवळ बसवून एवढेच विचारावे: ‘किती गेले, आणि कोणत्या खात्यात गेले?’ वाट सापडली की माणूस आणि पैसा, दोघांनाही मागे वळवण्याचा काही उपाय करता येतो.